सदतीस माणसें आणि सात रात्री

परभणीस गाडी बदलून परळीच्या फांट्यास लागलें, कीं गंगाखेड येईपर्यंत खिडकीबाहेर काळ्या रानाखेरीज दुसरें फारसें कांहीं दिसत नाहीं. दिवाळीच्या दिवसांत कापूस वेचणीस आलेला असतो, तूर पिवळ्या फुलांनीं भरलेली असते, ज्वारी नुकती वीतभर वर आलेली असते, आणि ह्या सर्वांवर ऊन असें पडलेलें असतें, कीं थंडीचे दिवस जवळ आले आहेत हें पंचांगांत पाहूनच मान्य करावें. मग नदीचा पूल येतो. डब्यांतील म्हातारीं माणसें हात जोडतात, एखादें नाणें खालीं टाकतात, आणि नदीस गोदावरी न म्हणतां गंगाच म्हणतात. पलीकडे गंगाखेड, संत जनाबाईचें जन्मगांव. आणि तेथून कांहीं कोसांवर आमचा वाडा.

वाडा म्हटल्यानें वाचकांनीं फार मोठें कांहीं मनांत आणूं नये. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर हात-दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, मध्यें चौक, चौकाच्या तिन्ही अंगांस ओसऱ्या, आणि वर माळवद. आमच्या मराठवाड्यांत उतरतीं कौलें कमी; तुळयांवर फळ्या-काटक्या घालून त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर द्यावयाचा, हीच जुनी रीत. बाहेर वैशाखांत पारा ४४ अंशांवर गेला तरी माळवदाखालीं दुपारीं निजतां येतें. मात्र दरवर्षीं मृगापूर्वीं नवी माती पसरून ती चोपावी लागते. एक वर्ष चुकलें, तर श्रावणांत घरभर पातेलीं मांडून बसावें. आमचीं लागोपाठ तीन वर्षें चुकलीं आहेत. पश्चिमेकडील सोप्याच्या दोन खणांवरचें छत गेल्या पावसाळ्यांत खालीं आलें. सुदैवानें त्या वेळीं तेथें कोणी नव्हतें.

आमच्या कुटुंबाच्या चार शाखा. लेकी-जावई व नातवंडें धरून सारीं मिळून सदतीस माणसें. त्यांतील वाड्यांत कायम राहणारीं तीन: धाकटे काका, काकू आणि शहाऐंशी वर्षांच्या आत्या. बाकीचीं पुणें, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद येथें पांगलेलीं. एक बिऱ्हाड अमेरिकेंत डॅलसला. दिवाळीस व भाद्रपदांतील महालक्ष्म्यांस जितकीं जमतील तितकीं येतात. ह्या दिवाळीस मात्र सर्वांनीं यावें असा निरोप धाडला होता, व त्याचें कारण फराळ नव्हतें.

कारण असें, कीं गेल्या नाताळांत आमच्यापैकीं अकरा माणसें महाबळेश्वरास गेलीं असतां बाजारांत एका तरुणानें आमच्या पुतण्यास गांठलें. दोन तास व्याख्यान ऐकावें, जेवण फुकट, शिवाय एक भेटवस्तू. आम्ही सारीं कुतूहलानें गेलों. गार दिवाणखान्यांत मोठ्या पडद्यावर समुद्र, बर्फ, चहाचे मळे दाखवून झाल्यावर मुद्दा निघाला तो हा: एकदां ठराविक रक्कम भरावी, मग पंचवीस वर्षें, दरवर्षीं सात रात्री, त्या मंडळाच्या कोणत्याही विश्रामगृहांत आपलें घर समजून राहावें. ह्यास 'टाइमशेअर' म्हणतात. रक्कम आजच भरल्यास मोठी सूट, उद्यां नाहीं. पुतण्याचा हात खिशाकडे गेलेला आम्हीं पाहिला. "आमचें एकत्र कुटुंब आहे, विचारून सांगतों," असें म्हणून आम्हीं त्याला उठवलें. तो तरुण हंसला, आणि म्हणाला कीं मोठ्या कुटुंबासाठींच तर ही योजना आहे.

त्या रात्रीं थोरल्या वहिनी जें बोलल्या, तें आम्ही अजून विसरलों नाहीं. पण तें पुढें येईल.

हा प्रकार आपल्याकडे नवा वाटतो, तितका नवा नाहीं. १९६३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें 'हॅपिमाग' नांवाची संस्था निघाली. अनेकांनीं मिळून विश्रामस्थानें विकत घ्यावींत व वांटून वापरावींत, ही तिची कल्पना. पुढें अमेरिकेंत ह्याचा मोठा व्यापार झाला, व १९७४ सालीं 'आर्‌सीआय' ही संस्था निघून एका गांवचा आठवडा देऊन दुसऱ्या गांवचा घेण्याची सोय झाली. हिंदुस्थानांत 'स्टर्लिंग' १९८६ सालीं व 'महिंद्र हॉलिडेज' १९९६ सालीं ह्या धंद्यांत आले. आरंभीं पुष्कळ ठिकाणीं आठवडा ठरलेला असे: तुमचा वर्षाचा विसावा आठवडा म्हणजे मरेपर्यंत विसावाच. पुढें 'तरता' आठवडा आला, मग गुण आले. आपल्याकडे बहुधा वर्षाचे दिवस गर्दीप्रमाणें रंगांनीं विभागलेले असतात. ज्या रंगाचे पैसे भरावे, त्या रंगाच्या किंवा त्याहून उतरत्या रंगाच्या दिवसांत जागा मागतां येते.

'मागतां येते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मिळते असें नव्हे.

आतां आमच्या मळ्यांतील विहिरीविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आजोबांनंतर जमीन चार ठिकाणीं झाली, पण विहीर एकच. ती चौघांत कशी वांटावी? दगड वांटतां येत नाहींत, पाणी सांठवून वांटतां येत नाहीं. म्हणून आपल्या देशांत कोठेंही करतात तसें केलें, म्हणजे दिवस वांटले. प्रत्येक शाखेस दोन दिवस, मिळून आठ दिवसांची पाळी. सातबाऱ्यावर प्रत्येकाच्या नांवापुढें विहिरींत चार आणे हिस्सा अशी नोंद आहे. लहानपणीं आम्हांस वाटे, कीं आठवडा सात दिवसांचा असतां पाळी आठांची कां? प्रत्येकानें वार लक्षांत ठेवण्याऐवजीं भिंतीवर कोळशानें रेघा ओढाव्या लागत. पुढें काकांनीं उलगडा केला. पाळी सातांची ठेविली असती, तर आठवडी बाजाराचा दिवस कायम एकाच भावाच्या वांट्यास आला असता. बाजारीं गडी मिळत नाहीं, आणि मोट बंद राहते. आठांच्या पाळींत वार एकेक घर पुढें सरकतो, आणि छप्पन दिवसांत बाजारचा तोटा चारही घरांस सारखा पोंचतो. आजोबा इंग्रजी तिसरीपलीकडे शिकले नव्हते. युरोपच्या मंडळींनीं ठरल्या आठवड्यावरून तरत्या आठवड्यावर येण्यास जीं वर्षें घेतलीं, तीं त्यांनीं ओसरीवर बसून एका दुपारींत उरकलीं, असें आम्हीं म्हटल्यास वाचक आम्हांस अभिमानी म्हणतील, म्हणोत.

महालक्ष्म्यांचा कुळाचारही असाच पाळीनें चालतो. चार वर्षांत एकदां एका शाखेनें सारा खर्च करावयाचा. उभ्या महालक्ष्म्यांचीं पातळें, सोळा भाज्या, फुलोरा, सवाष्ण-ब्राह्मण, सर्व तिचें.

परंतु विहिरीची गोष्ट सारीच गोड नाहीं. दर दोन-तीन वर्षांनीं गाळ काढावा लागे, व त्याचा खर्च चौघांत. एक शाखा हैदराबादेस गेली, तिनें जमीन अर्धेलीनें दिली, आणि गाळाचे पैसे पाठविणें थांबविलें. "आम्ही पाणी कोठें वापरतों?" असा तिचा प्रश्न. "पण तुमची पाळी कोठें सोडतां?" असा इतरांचा. ह्या एका गोष्टीवरून नऊ वर्षें दोन घरांत जाणें-येणें नव्हतें. एक लग्न, दोन मुंजी आणि एक मृत्यू ह्या नऊ वर्षांत होऊन गेले. टाइमशेअरच्या करारांत 'वार्षिक देखभाल वर्गणी' हे शब्द वाचले तेव्हां आम्हांस एकदम ओल्या गाळाचा वास आला, तो ह्यामुळें. जा अगर जाऊं नका, वर्गणी द्यावीच लागते, आणि ती दरवर्षीं वाढते.

पाडव्याच्या संध्याकाळीं चौकांत सतरंज्या घालून सभा भरली. पुतण्यानें सुरेख टिपण करून आणलें होतें. आम्हीं त्याचें म्हणणें आधीं नीट ऐकून घेतलें, कारण त्यांत तथ्य होतें. दर दिवाळीस जमतों म्हणतों, पण गेल्या पांच वर्षांत पंचविसांवर माणसें एकदांही जमलीं नाहींत. मुलांस वाड्यांत करमत नाहीं. पैसे आधींच भरलेले असले म्हणजे माणूस मुकाट्यानें रजा काढतो. हें शेवटचें त्याचें म्हणणें फार खरें आहे. आगाऊ भरलेला पैसा हा मोठा शिस्तीचा मास्तर असतो. डॅलसच्या सूनबाईंचें म्हणणें, कीं अदलाबदलीनें परदेशांतही राहतां येईल.

मग हिशेब निघाला. आम्हांस महाबळेश्वरीं सांगितलेली रक्कम सहा माणसांच्या घरासाठीं, शाळांच्या सुट्या ज्यांत येतात त्या सर्वांत महाग रंगाची, ९ लाख रुपये होती. वर्गणी पहिल्या वर्षीं ३० हजार. आम्हांस मे किंवा दिवाळी ह्यांवांचून दुसरा काळ नाहीं, कारण घरांत चौदा मुलें शाळेंत जातात. म्हणजे स्वस्त रंग आमच्या कामाचे नाहींत. पुतण्याच्या मतें वर्गणी दरवर्षीं शेंकडा सहा वाढेल असें धरावें. तसें धरल्यास पंचवीस वर्षांत वर्गणीचेच सुमारें साडेसोळा लाख होतात. मूळ नऊ मिळवून साडेपंचवीस लाख, आणि रात्री १७५. दर रात्रीं साडेचौदा हजार पडले, जेवण निराळें, प्रवास निराळा. त्या नऊ लाखांचें व्याज तर ह्यांत धरलेलेंच नाहीं.

पण खरी मौज पुढें आहे. एका घरांत सहा माणसें. सहा घरांत छत्तीस. सदतिसाव्या माणसासाठीं सातवें घर हवें. तेव्हां सर्वांनीं एकत्र जावयाचें तर सात सभासदत्वें, म्हणजे ६३ लाख रुपये व वर्षास २ लाख १० हजार वर्गणी. एकच घेतलें आणि त्याच्या सात रात्री सात घरांत पसरावयाची परवानगी मिळाली असें धरलें, तर सदतीस माणसांस वर्षांतून एक रात्र मिळते. एका रात्रीसाठीं महाबळेश्वर! काकू म्हणाल्या, पिशव्या सोडूंच नयेत.

रेल्वेचेंही तसेंच. एका तिकिटावर सहा प्रवासी. छत्तिसांचीं सहा तिकिटें, व सदतिसाव्याचें एक. शिवाय रेल्वेचें आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीं उघडतें, आणि सुटीच्या दिवसांतील विश्रामगृहें त्याच्या कितीतरी आधीं भरून जातात. म्हणजे घर मिळेल त्या दिवशीं गाडी मिळेलच असें नाहीं. सात घरें एकाच जागीं, एकाच तारखांस मिळणें तर दुरापास्तच. जेथें चार भावांस बाजाराच्या दिवसाचा निवाडा करावा लागला, तेथें हजारों अनोळखी सभासद एकाच दिवाळीच्या आठवड्यासाठीं हात पुढें करणार; त्यांची पाळी कोणी लाविली, हें आपणांस दिसत नाहीं. विहिरीच्या कांठावर निदान पाळी मोडणाऱ्याचें तोंड दिसे.

धाकटे काका तहसील कचेरींतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. इतका वेळ ते गप्प होते. त्यांनीं कराराचा नमुना मागून घेतला, चष्मा पुसला, आणि विचारलें, "सातबारा कोणाच्या नांवें?" पुतण्यानें सांगितलें, कीं सातबारा नाहीं, जमीन मंडळाची, आपणांस पंचवीस वर्षें राहण्याचा हक्क. "म्हणजे मालकी नव्हे, वहिवाट," काका म्हणाले, "तीही मुदतीची." करारावर नांव एका माणसाचें व त्याच्या पत्नीचें घालावयाचें होतें. चार शाखांच्या पैशानें एकाच्या नांवें घेतलेल्या वस्तूचें पुढें काय होतें, हें महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या माणसास कोणी सांगावें लागत नाहीं. शिवाय २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतींत लेकींचा हक्क मुलांसारखाच आहे. ह्या वाड्यांत आमच्या बहिणींचीं नांवें आहेत. त्या करारांत त्यांस कोठें जागा?

काकांचें आणखी एक म्हणणें येथें नोंदवितों, कारण तें इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या निर्देशानें असा करार केल्यावर चौदा दिवसांत कारण न देतां मागें फिरतां येतें, व त्या अवधींत विक्रेत्यास पैसे घेतांच येत नाहींत. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागतां येते, आणि ग्राहक जेथें राहतो तेथेंही तक्रार चालते. परंतु ती पुढची गोष्ट. आधीं करारांतील मागें फिरण्याचें कलम वाचावें, व 'आजच' म्हणणाऱ्यास उद्यां भेटावें.

एवढ्यावर निकाल लागला असें पुरुषमंडळींस वाटलें. कोणी सुपारी कातरूं लागलें. तेव्हां थोरल्या वहिनींनीं महाबळेश्वरीं रात्रीं म्हटलेली गोष्ट सर्वांसमोर पुन्हां सांगितली. त्या म्हणाल्या, "चार दिवसांत मला कोणीं विचारलें नाहीं, कीं उद्यां काय करायचें. लग्न होऊन एकतीस वर्षें झालीं. दुसऱ्यानें केलेलें गरम जेवण मीं पहिल्या पंगतीला बसून लागोपाठ चार दिवस कधींच खाल्लें नव्हतें. तुम्ही सारे वाड्यावर सुटीला येतां. आम्ही येथें कामाला येतों."

चौकांत कोणी बोललें नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. एकत्र कुटुंबाचे गोडवे आम्हीं ह्याच ओसरीवर, ह्याच तक्क्याला टेकून, अनेकदां गाइले आहेत, आणि त्या प्रत्येक वेळीं आंत चुलीपाशीं चार बायका सदतिसांच्या पोळ्या लाटीत होत्या. हिशेबांत आम्हीं दर रात्रीचे साडेचौदा हजार काढले. वाड्यावरील दिवाळीचा दर मात्र शून्य धरला होता. तो शून्य कसा पडला, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. नांदेडच्या सूनबाई हळूच म्हणाल्या, कीं येथें एकोणतीस माणसांत न्हाणीघर एक, आणि रात्रीं मागल्या दारीं जावयाचें तर विजेरी घेऊन. म्हणून मुलींस येथें राहावयास नको वाटतें. त्यास मुलांचा रुसवा समजून आम्ही हंसत होतों.

मग बोलणें निराळ्या वाटेला लागलें. पुतण्याचें घर चौघांचें. दोघांस नोकरींत ठरलेली रजा, दरवर्षीं बाहेर जाण्याची संवय. त्यानें आपल्यापुरतें, स्वतःच्या पैशानें घ्यावयाचें असल्यास घ्यावें. अशा लहान घरास तें फायद्याचें होऊंही शकेल, ह्याबद्दल काकांनींही वाद घातला नाहीं. सदतिसांनीं मात्र घेऊं नये. त्याऐवजीं प्रत्येक शाखेनें वर्षास ६० हजार द्यावे. मिळून २ लाख ४० हजार. डॅलसकरांनीं येवोत न येवोत तितकेच द्यावे, आणि ज्या वर्षीं येणार नाहींत त्या वर्षींचे दिवस त्यांनीं कोणासही द्यावे. गवंड्यानें वाड्याचा अंदाज ११ लाखांचा दिला आहे, तो पांच वर्षांत फेडावा. दर तिसऱ्या वर्षीं एखादें मोठें घर गर्दी नसतांना भाड्यानें घेऊन फक्त घरच्या बायकांनीं आठ दिवस जावें, व त्या आठ दिवसांत वाडा पुरुषांनीं चालवावा.

हें ठरतांना हैदराबादकरांनीं मध्येंच गाळाची जुनी बाकी काढली, आणि ती व्याजासह देतों म्हणाले. काकांनीं व्याज घेतलें नाहीं.

खर्चाचा क्रम लावतांना पुरुषांनीं पहिलें माळवद लिहिलें. वहिनींनीं कागद ओढून घेतला, आणि पहिलें दोन न्हाणीघरें, दुसरें आचारी, तिसरें माळवद असें केलें. माळवद थांबणार नाहीं असें काका म्हणाले. "तीन वर्षें थांबलें," वहिनी म्हणाल्या. क्रम तसाच राहिला. फक्त दोन खणांपुरती माती ह्याच वर्षीं टाकावयाची असें जोडलें.

आत्या सर्व वेळ देवघराच्या उंबऱ्याशीं वाती वळीत बसल्या होत्या. त्यांस घाट सोसत नाहीं. मोटारींत एक वळण आलें कीं डोळे मिटतात. सात घरांचा हिशेब चालला असतां सातवें घर ज्यांच्यासाठीं लागत होतें त्या त्याच, कारण त्यांस एकटीला निजण्याची संवय. आणि त्या येणार नव्हत्या. हें सभेंत कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. आत्यांनींच वाती पुड्यांत बांधतांना सांगितलें, कीं मला सोडून धरा, तुमचीं सहा घरांत बरोबर मावतात.

आचारी सेलूचा ठरला आहे. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशीं येतों म्हणाला. न्हाणीघरांच्या फरश्या परभणीहून यावयाच्या आहेत. माती मात्र मृगापूर्वीं पडावयास हवी, आणि त्यासाठीं भर वैशाखांत येथें येऊन कोणीं उभें राहावें, ह्याची पाळी अजून लागावयाची आहे.